बेबीताईच्या हातचा सांधा

वणीच्या बाजारात बेबीताई नगराळेचं नाव निघालं की अजूनही कुणीतरी म्हणतं, "बाई तोंडाची फाटकी, पन हात सोन्याचा." यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि ते मीच बोलायला हवं, कारण तिच्या दुकानासमोरच्या कृषी केंद्रात मी अकरा वर्षं काउंटरवर उभा होतो. माझं नाव अतुल. बोंडअळीचं विष मी विकायचो. आमच्याकडे त्याला औषध म्हणतात. ते ज्या पितळी पंपांतून फवारायचं, त्यांची गळती समोर बेबीताई बंद करायची. "अतुलभाऊ, तुमचं आन माहं पोट एकाच अळीवर चालते," असं ती रस्त्यापलीकडून ओरडून म्हणायची. गिऱ्हाईक हसायचे. मी पावती फाडत राहायचो.

पुढे प्लास्टिकचे पंप आले, तिचं काम आटलं, आणि ती मुलीकडे, पायलकडे, बल्लारपूरला निघून गेली. गेल्या उन्हाळ्यात ती वारली. पुण्यानुमोदनाला चार माणसं बोलायला उठली आणि चौघांनीही तिच्या हाताचं कौतुक केलं. मी उठलो नाही. तिच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि मागच्या मागे घरी आलो.

तिचं दुकान म्हणजे यवतमाळ रोडवरचं एक टिनाचं शेड. पाटीवर लिहिलेलं, 'नगराळे गॅस वेल्डिंग व ब्रेझिंग'. पाटी नवऱ्याच्या वेळची. नवऱ्याचं नाव उकंडा. हे नाव ऐकून बाहेरगावचे लोक हसतात, म्हणून सांगतो. ज्या आईची मुलं जगत नाहीत, ती नवं बाळ क्षणभर उकिरड्यावर ठेवते आणि दुसऱ्या कुणाकडून उचलून घेते, म्हणजे मरणाला वाटावं की हा कचराच आहे, याला काय न्यायचं. उकंडाच्या आधीची तीन गेली होती. हा जगला, मोठा झाला, जिनिंगच्या वर्कशॉपमध्ये धातू तापवून जोडायचं झाळकाम शिकला, स्वतःचं दुकान टाकलं. मरण उकिरड्यावर फसलं, पण दुकानात बरोबर पोचलं. शहाण्णव साली कुणीतरी शेतातून तसाच आणलेला पंप त्यानं न धुता गॅसबत्तीच्या ज्योतीखाली धरला. आत विषाचे चार घोट राहिले होते. त्याचा धूर त्यानं नाकानं घेतला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला.

कुणी हळहळलं की बेबीताई म्हणायची, "मूर्ख होता. दहा मिन्टं धुवाले लागले असते." डोळ्यात पाणी नाही, काही नाही. लोकांना वाटायचं बाईला काळीज नाही. मला तेव्हाही तसंच वाटायचं.

नवरा गेल्यावर महिन्याभरात तिनं शेड उघडलं. काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षं ती नवऱ्याला झाळाच्या काड्या उचलून देत होती, सांडशीनं नळ्या धरत होती, आणि बघत होती. पण बाईच्या हातचा सांधा पाठीवर कोण घेणार? पहिला जो गिऱ्हाईक आला, तो बाजारातल्या चार लोकांसमोर हसून म्हणाला, "बाई, पोळी नाई जोडाची हे, पंप हाय." बेबीताईनं पंप जोडला, त्यात सोळा लिटर साधं पाणी भरलं, आणि त्याच माणसाच्या पाठीवर चढवला. म्हणाली, "चाल आता. लिंबापर्यंत जा आन ये. दांडा मारत जा. एक थेंब गळला तं पैसे नको देऊ." तो गेला, आला, सदरा कोरडा. तेव्हापासून तो नेमच पडला. सांधा झाला की पाणी भरायचं आणि मालकानं पंप पाठीवर घेऊन समोरच्या कडुलिंबापर्यंत जाऊन यायचं.

मालकानं, बरं का. सालदारानं नाही. इथं खरी गोम होती. चाळीस एकरवाला माणूस स्वतः कधी फवारत नाही. पंप असतो सालदाराच्या पाठीवर. वर्षभरासाठी बांधलेला गडी, त्याला नांगर सांगा, विष सांगा, तो करतो. दुरुस्तीलाही तोच पंप घेऊन यायचा. बेबीताई त्याला परत पाठवायची.

"मालकाले आन. सालदाराच्या पाठीले तोंड नसते. गळलं तरी तो नाई म्हनते."

तिचं हे बोलणं ऐकून मालकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बौद्धवाड्यातली बाई भर बाजारात पाटलाला पाणी वाहायला लावते! पण तिचा सांधा तीन-तीन हंगाम टिकायचा आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या रामलालची डाक पंधरा दिवसांत उखडायची. रामलाल कथील-शिशाची डाक द्यायचा. झटपट, स्वस्त, दिसायला चकचकीत. त्यामुळे नाइलाजानं का होईना, मालक यायचे, मान खाली घालून लिंबापर्यंत जायचे. त्यांचं ते चालणं बघायला बाजाराच्या दिवशी माणसं खास थांबायची. मीही माप सोडून दारात यायचो. खोटं कशाला बोलू, मला मजा यायची.

आणि काम कसं करायची! अकरा वर्षं समोरून बघून मलाच ते पाठ झालं होतं. आधी पंप धुवायचा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तीनदा. न धुतलेला पंप कुणी आणला तर ती तो लाथेनं नालीत ढकलायची. मग सांध्याची जागा कानशीनं आणि काचपेपरनं अशी घासायची की पितळ नव्या नाण्यासारखं दिसावं. त्यानंतर बोट लावायचं नाही. बोटाच्या तेलानंही चांदीची काडी तिथं धरत नाही, म्हणून कुणी सहज हात लावला तर ती सांडशीच मारायची. रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, त्यांची काळी धूळ उडायची, तर घासलेली जागा ती ओल्या फडक्यानं झाकून ठेवायची. नळी आणि तिचं वळणाचं कोपरं यांच्यात फट ठेवायची ती कागद जाईल एवढीच. जास्त फट ठेवली तर वितळलेली चांदी आत ओढली जात नाही, गळून खाली पडते.

मग पाण्यात कालवलेला सुहागा, म्हणजे टाकणखार, सांध्यावर लावायचा आणि बत्ती धरायची. काडीला ज्योत द्यायची नाही, पितळाला द्यायची. नवशिके काडी वितळवून वर थापतात. दिसायला सांधा, आतून पोकळ. बेबीताई दोन्ही भाग सारखे तापवायची. सुहागा आधी पांढरा फुगतो, मग बसतो, मग पाण्यासारखा पारदर्शक होतो. तसा झाला की काडी पलीकडून नुसती टेकवायची. पितळच तिला वितळवतं आणि चांदी फटीत सरसर धावत जाते, बत्ती जिकडे असेल तिकडे. हे बघताना ती श्वास धरायची.

आणि शेवटचं काम, जे इतर कुणी करत नसे. सुहागा थंड झाला की त्याची काच होते, सांध्यावर घट्ट बसते. बेबीताई सांधा आपोआप निवू द्यायची, मग गरम पाण्याच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाव तास बुडवून ठेवायची आणि तारेच्या ब्रशनं ती सगळी काच खरवडून काढायची. एकदा मी विचारलं, "ताई, गळत नाही ना, मग राहू द्या की."

"ते काच भोक झाकते भाऊ," ती म्हणाली. "आज पानी भरलं तं गळनार नाई. चार दिवसांनं काच इरघळन आन मंग गळन. तवा तो लिंबाजवळ नसन, वावरात असन."

मी हे ऐकलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत त्याची मला फार लाज आहे.

ती सालं कापसाची वाईट होती. दोन हजार तीन, चार. अळी कशानंच मरेना. एकावर एक औषधं मिसळून फवारायचे, आठवड्यात दोनदा, तीनदा. आमच्या काउंटरवर रांगा. शहरातून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, मालकाच्या पडक्या घराचा फोटो निघायचा, पेपरात यायचा. सालदाराच्या झोपडीचा फोटो काढायला एकही माणूस गाडीतून उतरला नाही. कदाचित ती पडकी आहे की मुळातच तशी आहे हे त्यांना ओळखता येत नसेल.

झरीच्या वाटेवरच्या एका गावचे पाटील, नानाजी, आमचे जुने गिऱ्हाईक. चाळीस एकर, घरचा ट्रॅक्टर, अंगावर पांढरंशुभ्र धोतर. नानाजींना रागावलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बोलणं असं की साखर विकणाऱ्यानं दुकान बंद करावं. आपल्या सालदारालाही ते 'सोमाबाप्पू' म्हणायचे. सोमा आत्राम, कोलाम, झरी-जामणीकडल्या जंगलातल्या पोडावरचा, म्हणजे कोलामवस्तीतला. बुटका, काटक, बोलायला लाजणारा. बायको जमनी त्यांच्याच वाड्यात शेणपाणी करायची. सोमा बाजाराला आला की बेबीताईसाठी पळसाच्या पानात बांधून चारोळी आणायचा आणि न बोलता तिच्या टेबलावर ठेवायचा. कशासाठी, कोण जाणे. तिनं त्याला पहिल्या भेटीत न धुतलेल्या पंपावरून इतकं झापलं होतं की तो रडायच्या बेताला आला होता. मग तिनं त्याच्याकडून तीनदा पंप धुऊन घेतला आणि म्हणाली, "तुह्यासाठीच सांगून राह्यलो रे येड्या." बाई असली तरी ती रागात पुरुषासारखं बोलायची. 'तुझ्यासाठी' असं आयुष्यात त्याला दुसऱ्या कुणी म्हटलं नसावं.

पण नानाजींचा पंप तिनं सहा वर्षं जोडला नव्हता. सोमा आणायचा, ती म्हणायची मालक आण, नानाजी यायचे नाहीत. हसून म्हणायचे, "बाईमानसाचा नेम हाय, मोडू नये. आपन रामलालकडं जाऊ." सहा वर्षं रामलालची डाक आणि सहा वर्षं गळणारा पंप. सोमाच्या सदऱ्याच्या मागच्या बाजूला कायम पिवळा डाग असायचा. बेबीताई तो डाग बघायची आणि दात चावायची. तिच्या मनात नानाजी रुतून बसले होते. किती मालक लिंबापर्यंत गेले, त्यात हा एक राहिला होता.

दोन हजार चारच्या सप्टेंबरात, बाजाराच्या दिवशी, नानाजी स्वतः आले. मागे सोमा, सोमाच्या खांद्यावर पंप. रामलालची डाक त्या आठवड्यात दोनदा निघाली होती आणि अळी थांबायला तयार नव्हती.

"बेबीताई," नानाजी म्हणाले, "तुहा नेम आज पाळतो. घेतो म्या पाठीवर. पन चारच्या गाडीनं जा लागते, जराशी घाई कर."

समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. पाच मिनिटांत बातमी भाजीबाजारात गेली. नानाजी पंप उचलणार! बेबीताईचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. असा आनंद मी तिच्या पोरीच्या लग्नातही पाहिला नाही.

पण काम किचकट होतं. डाकेचं शिसं जिथं राहिलं तिथं झाळ धरत नाही. कण अन् कण काढावा लागतो. टाकीच्या बुडाशी, जिथं नळीचं कोपरं बसतं, तिथं रामलालनं सहा वर्षांचे थर चढवले होते. बेबीताईनं दोन तास खरवडलं. तिकडे गर्दी वाढत होती. नानाजी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते, गोड हसत होते, म्हणत होते, "नाई होत असन तं राहू दे ताई, पुढच्या बाजाराले पाहू." ती म्हणायची, "होते, होते." तिनं घासलं, सुहागा लावला, बत्ती धरली, काडी टेकवली. चांदी धावली. मी माझ्या दारातून बघत होतो.

साडेतीन वाजले. सांधा निवत होता. बाजूला गरम पाण्याचा गंज वाफाळत होता. नानाजी उठले, धोतर झटकलं. "आता नाई जमत बुवा. गाडी हुकते."

बेबीताईनं गंजाकडे पाहिलं. मग नानाजींकडे पाहिलं. मग गर्दीकडे.

आणि मी, अकरावी नापास अतुल, विष विकणारा, रस्त्यापलीकडून ओरडलो, "ताई, पाटलाचं मन पालटन! चढवा पाठीवर!"

लोक हसले, टाळ्या पडल्या. तिनं सांध्यावर दोनदा पदरानं वारा घातला, पंप उचलला, बादलीतलं पाणी भरलं आणि नानाजींच्या पाठीवर चढवला. गंजातलं पाणी तसंच वाफाळत राहिलं.

नानाजी लिंबापर्यंत गेले आणि आले. दांडा मारत, पाण्याचा फवारा उडवत, दोन्ही बाजूंच्या लोकांना मान लववत. एकही थेंब गळला नाही. आणि गंमत बघा, ज्याची लाज वाटायला हवी होती, त्याचा त्या माणसानं सोहळा केला. लोक म्हणाले, केवढा मोठा माणूस, गर्व नाही जराही. बेबीताई मात्र टेबलाला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सोमाही हसत होता, तोंडावर हात ठेवून. मग नानाजींनी पंप उतरवून सोमाच्या खांद्यावर दिला, माझ्या काउंटरवर आले, दोन डबे औषध घेतलं आणि चारच्या गाडीनं गेले. पावती मीच फाडली.

पाचव्या दिवशी सकाळी एक जीप हॉर्न देत आमच्या दुकानासमोरून सरकारी दवाखान्याकडे गेली. मागे सोमा आडवा होता. तोंडाला फेस, अंगाला घाम, हातपाय झटके देत होते. मी ओळखलं. डब्यासोबत जो कागद येतो त्यावर ही सगळी लक्षणं लिहिलेली असतात, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत. दुपारी तो गेला.

पंचनाम्यात लिहिलं, तोंडाला फडकं न बांधता फवारणी केल्यानं. साहेबांनी मला विचारलं, सूचना दिली होती का? मी तो कागद दाखवला. साहेब म्हणाले, ठीक आहे. नानाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. "पोटच्या लेकरासारखा होता," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते खरंच बोलत होते. अशी माणसं खरंच बोलतात, हीच त्यांची अडचण आहे.

बेबीताईला बातमी मी दिली. ती कानशी चालवत होती. थांबली.

"पंप कुठं हाय?"

"ताई, फडकं बांधलं नव्हतं त्यानं. तसंच लिहिलं साहेबांनी."

"पंप कुठं हाय म्हनलं मी."

पंप नानाजींच्या गोठ्यात होता. पुढचे बारा दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तेच विचारत होती: नानाजींकडचा पंप कुणी पाहिला का, ओला होता का, बुडाशी कसा होता. तिला फक्त एवढंच कळायला हवं होतं: सोमा फडक्यावाचून मेला की तिच्या सांध्यानं मेला. गिऱ्हाईक आले की ती काम करायची, आणि प्रत्येक सांधा गरम पाण्यात पाव तास नाही, अर्धा तास ठेवायची. मी समोर बसून ते बघत होतो. त्या दिवशी गंज तसाच राहिला होता हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. तिच्याजवळ जाऊन एकदा म्हणावं की ओरडलो तो मी होतो, एवढीही माझी छाती झाली नाही. उलट मी तिला समजावत राहिलो की ताई, फडकं, फडकं.

तेराव्या दिवशी नानाजी आले. मागे जमनी, तिच्या डोक्यावर पंप. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही.

"बेबीताई, जराशी ओल येते बुडातून," नानाजी म्हणाले. "पाहून दे. सालाचे पाच महिने राह्यले. जमनी पुरं करतो म्हनते. मी तं नाईच म्हनत होतो, पन तिचीच इच्छा."

जमनी जमिनीकडे बघत उभी होती. तिची इच्छा काय होती हे तिला कुणी विचारलं असेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. मी रस्ता ओलांडून शेडमध्ये गेलो. कशाला गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही.

बेबीताईनं पंप धुतला, तीनदा. पाणी भरून टेबलावर ठेवला आणि खाली एक कोरडा कागद सरकवला. आम्ही चौघं त्या कागदाकडे बघत उभे. बराच वेळ काही नाही. नानाजी म्हणाले, "थोडीशीच ओल हाय, ताई." मग कागदावर एक थेंब पडला. मग दुसरा. घड्याळाच्या काट्यासारखे पडत राहिले.

तिनं पाणी ओतून टाकलं, पंप उलटा केला आणि भिंग घेतलं. सुहाग्याची काच कोपऱ्याच्या तीन बाजूंना तशीच होती, पिवळसर. चौथ्या बाजूला ती विरघळून गेली होती. तिथं शिशाचा एक कण राहिला होता, चांदी धरली नव्हती, आणि सुईच्या टोकाएवढं भोक होतं. सोळा लिटर विष, चार दिवस, त्या भोकातून माणसाच्या कमरेवर. चामडीतून आत जायला फडक्याचा काय संबंध?

बेबीताईनं भिंग खाली ठेवलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ती जमनीसमोर गेली आणि म्हणाली, "जमने, तुहा मानूस फडक्यानं नाई मेला. माह्या सांध्यानं मेला. म्या ते काच काढली नाई. मले पाटलाले लिंबापर्यंत पाठवाची घाई झालती."

बाहेरून एक कोळशाचा ट्रक गेला. मग नानाजी पुढे झाले आणि अगदी मायेनं म्हणाले, "असं बोलू नाई, बेबीताई. त्याची वेळ भरली होती. आन हे पंचनाम्यात नाई. कायले उकरून काढतं? म्या सोता पाठीवर घेतला होता ना, मले काय झालं?"

"तुमी पानी घेतलं होतं पाठीवर," बेबीताई म्हणाली. आवाज इतका बारीक की तो तिचा वाटत नव्हता. मग पुन्हा जमनीकडे वळली. "मले काही तरी म्हन. शिव्या दे. थुक माह्या तोंडावर."

मी तिथंच उभा होतो. 'ओरडलो मी' एवढे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले आणि मी ते गिळले. नानाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही मान वळवली.

जमनी टेबलाजवळ आली. तिनं पंप आपल्याकडे ओढला, ते भोक शोधलं आणि त्यावर करंगळीचं नख ठेवलं. भोक नखाखाली पूर्ण झाकलं गेलं.

"एवढंसं?" ती म्हणाली.

बेबीताईनं मान हलवली.

जमनीला राग आलेला नव्हता. ती रडतही नव्हती. काहीतरी नीट लावून बघत असल्यासारखी ती हळूहळू बोलली.

"त्यानं सांगितलं होतं मले. दुसऱ्या दिवशी घरी आला तवाच म्हने, पाठ ओली लागते. म्या म्हनलं, मंग नको घालू उद्या, मालकाले सांग. तं तो हासला. म्हने, घाम असन वो. बेबीताईच्या हातचा सांधा हाय, गळत नाई."